टेकआउटसारखं कुरकुरीत ऑरेंज बीफ घरच्या कढईत

अमेरिकेत लहानशा गावातही एखादं चायनीज टेकआउट सापडतंच, आणि त्याच्या मेन्यूवर ऑरेंज बीफ किंवा क्रिस्पी बीफ बहुधा असतंच. चांगल्या हाताने केलेलं असेल तर त्याला तोड नाही. पातळ पट्ट्या बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असतात, वर आंबटगोड, किंचित कडसर सॉसचा चकचकीत थर असतो. घरी करायला गेलं की बहुतेकांचं एकच रडगाणं असतं: मांस चिवट झालं, आवरण ओलं पडलं आणि ताटात सॉसचं तळं साचलं.

सॉसची कृती बदलून हे सुटत नाही, कारण मूळ दुखणं पाण्याचं आहे. मांसातलं पाणी, धुतल्यावर अंगावर राहिलेलं पाणी, सॉसमधलं पाणी आणि तळल्यावर आतून येणारी वाफ, या सगळ्यांचा बंदोबस्त करायचा असतो. खालची प्रत्येक पायरी त्यातल्या एकाशी निगडित आहे. ते ध्यानात ठेवलंत तर कृती पाठ करावी लागणार नाही, आणि काही बिघडलंच तर कुठे बिघडलं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

हा पदार्थ चीनमधून जसाच्या तसा उचललेला नाही. सिचुआन-हुनानकडे संत्रवर्गातल्या फळाची वाळवलेली साल, म्हणजे चेनपी, मांसाबरोबर शिजवण्याची जुनी पद्धत आहे. ती चव तिखट आणि कडसर असते, गोडाचा हात बेताचा असतो. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचे कायदे बदलले, त्यानंतर तैवान आणि हाँगकाँगकडून बरेच आचारी आले, आणि १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हुनान-सिचुआन पद्धतीच्या रेस्टॉरंटांची लाट आली. ‘जनरल त्सोज चिकन’ हा तळलेल्या चिकनचा गोड-तिखट पदार्थ ज्यांच्या नावावर सांगितलं जातं ते हुनानी आचारी पेंग चांग-क्वेई त्याच सुमारास तैवानहून तिथे पोचले. अमेरिकन गिऱ्हाइकाला गोड आणि कुरकुरीत आवडतं हे या मंडळींनी ओळखलं, साखर वाढवली, तळण वाढवलं. पुढे १९८७ मध्ये पांडा एक्सप्रेस या अमेरिकन चायनीज रेस्टॉरंट साखळीने ऑरेंज चिकन आणलं आणि ही चव मॉलमॉलमध्ये पोचली.

न्यूयॉर्कमधल्या त्या लाटेच्याच सुमारास, १९७५ साली, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं. तिथेही आचाऱ्याने गिऱ्हाइकाची जीभच ओळखली, फक्त ती जीभ आलं-लसूण-हिरव्या मिरचीची होती. त्यामुळे ऑरेंज बीफ करताना मंचुरियनची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. यात हिरवी मिरची नको, कांदा आणि सिमला मिरचीचे चौकोन नकोत आणि पातळ ग्रेव्ही तर अजिबात नको.

सामान

चार जणांना भाताबरोबर पुरेल असं प्रमाण देते आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा चमचा म्हणजे ५ मिली.

मांसासाठी: फ्लँक स्टेक ४५० ग्रॅम (एक पौंड), खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, लाइट सोया सॉस १ मोठा चमचा, शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) १ मोठा चमचा, पांढरी मिरपूड पाव छोटा चमचा, एका अंड्याचा पांढरा भाग.

आवरणासाठी: कॉर्नस्टार्च पाऊण कप, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. बटाट्याचा स्टार्च मिळाला तर यातला पाव कप त्याचा घ्या, आवरण जास्त कडक होतं आणि जास्त वेळ टिकतं. तळायला शेंगदाण्याचं किंवा कॅनोलाचं रिफाइंड तेल, तीन-चार कप.

सॉससाठी: लाइट सोया सॉस २ मोठे चमचे, डार्क सोया सॉस १ छोटा चमचा, शाओशिंग वाइन २ मोठे चमचे, तांदळाचं व्हिनेगर २ मोठे चमचे, संत्र्याचा ताजा रस पाव कप, साखर ४ मोठे चमचे. हे सगळं एकत्र कालवून ठेवा. वेगळ्या वाटीत १ छोटा चमचा कॉर्नस्टार्च २ छोटे चमचे पाण्यात कालवून ठेवा.

फोडणीसाठी: सुक्या लाल मिरच्या ८-१०, एका संत्र्याची साल, लसणीच्या ४ पाकळ्या, इंचभर आलं, कांद्याच्या पातीच्या ३-४ काड्या, आणि शेवटी घालायला भाजलेल्या तिळाचं तेल १ छोटा चमचा.

साखर पाहून बिचकू नका. चार जणांत ती वाटली जाते, आणि सॉसला चकाकी व चिकटपणा तिच्यामुळेच येतो. ती निम्मी केली तर सॉस पट्टीला धरत नाही, खाली ओघळतो. गोड कमीच हवं असेल तर तीन चमच्यांपर्यंत या, त्याखाली उतरू नका.

दुकानातल्या काही गोष्टी नीट पाहून घ्या. भारतात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळणारी पांढरी शुभ्र पूड म्हणजेच अमेरिकेतला कॉर्नस्टार्च. तिथे कॉर्नफ्लोअर नावाने मिळतं ते मक्याचं पिवळसर पीठ, ते इथे चालत नाही. तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी रंगाचं घ्यायचं. आपलं फिकट तेल तब्येतीला छान असेल, पण त्यात तो खरपूस वास नसतो. शाओशिंग वाइन साध्या किराणा दुकानात ‘कुकिंग वाइन’ म्हणून मिळते तेव्हा तिच्यात मीठ घातलेलं असतं, तसली असेल तर सॉसमधला सोया सॉस अर्ध्या चमच्याने कमी करा. शाओशिंग नसेल तर ड्राय शेरी चालते. दारू घालायचीच नसेल तर तेवढंच चिकनचं किंवा बीफचं सूप घाला.

कुठलं मांस

फ्लँक स्टेक म्हणजे जनावराच्या पोटाकडचा चपटा तुकडा. त्यात चरबी कमी असते, चव भरपूर असते आणि धागे लांबलचक, उघड दिसणारे असतात. ते धागे स्पष्ट दिसतात म्हणूनच मला हा तुकडा नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगला वाटतो, कुठल्या दिशेने कापायचं याबद्दल शंकाच राहत नाही. फ्लँक महाग पडला तर सरलॉइन घ्या. टेंडरलॉइन घेऊन पैसे घालवू नका, त्याचा मऊपणा या पदार्थात वेगळा कळतच नाही. ‘स्टर-फ्रायसाठी कापलेलं’ म्हणून मिळणारी तयार पाकिटं टाळा. त्यात वेगवेगळ्या भागांचे उरलेसुरले तुकडे असू शकतात आणि ते कुठल्याही दिशेने कापलेले असतात.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे तिथे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं मांस. त्याचा रंग गडद असतो, चरबी कमी असते आणि धागा जाड असतो. ते वापरायचं तर खाटकाकडून अंडरकट मागून घ्या आणि काप थोडे पातळ करा. बीफ खातच नसाल तर हीच कृती बिनहाडाच्या चिकनच्या मांड्यांवर उत्तम उतरते. चिकनला सोडा लावू नका, बाकी सगळं तसंच.

कापणं

मांस फ्रीजरमध्ये ४० मिनिटं ठेवा. गोठवायचं नाही, कडेने घट्ट होऊन सुरी सरळ जाईल इतपतच. मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि काप एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतात. मग तळताना पातळ टोक करपतं, जाड टोक वातड होतं.

फ्लँकचे धागे लांबीच्या दिशेने जातात. आधी त्याच दिशेने त्याचे ५-६ सेंटिमीटर रुंदीचे लांब पट्टे करा. मग एकेक पट्टा आडवा ठेवून धाग्यांच्या काटकोनात अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करा. सुरी जराशी तिरकी धरली तर काप रुंद निघतात. पहिला काप हातात घेऊन त्याच्या कापलेल्या तोंडाकडे नीट पाहा. धागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रेघांसारखे पळताना दिसले तर दिशा चुकली. धाग्यांची तोंडं बारीक ठिपक्यांसारखी दिसली तर बरोबर. मांस दाताखाली तुटेल की ओढावं लागेल, हे बरंचसं इथेच ठरतं.

अगदी पातळ, कागदासारखे काप करायचा मोह होतो, पण या पदार्थाला ते सोसत नाहीत. दोनदा तळायचं आहे, त्यामुळे आत थोडा ओलावा उरायला जागा हवी. अर्धा सेंटिमीटर ही जाडी नेमकी बसते.

सोडा आणि मुरवण

कापांवर अर्धा छोटा चमचा सोडा आणि एक मोठा चमचा पाणी घालून हाताने चोळा, वीस मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, मग आचेवर त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि आतला रस पिळून निघत नाही. टेकआउटमधलं स्वस्त मांससुद्धा इतकं मऊ कसं असतं, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. म्हशीच्या मांसाला पंचवीस-तीस मिनिटं द्या. प्रमाण मात्र वाढवू नका, साबणासारखी चव येते आणि मांस पिठूळ होतं. बेकिंग पावडर ही वेगळी वस्तू आहे, तिने हे काम होत नाही.

वेळ झाली की काप चाळणीत घेऊन वाहत्या थंड पाण्याखाली चोळून धुवा. मग मुठीत धरून चांगले पिळा. आपल्याला मांस हळुवार हाताळायची सवय असते, पण इथे पिळायला हात आखडता घेऊ नका. नंतर कोरड्या कागदावर पसरून वरूनही दाबून टिपून घ्या. सिंक आणि ओटा नंतर साबणाने स्वच्छ करायला विसरू नका, कच्च्या मांसाचं पाणी उडलेलं असतं.

आता सोया सॉस, वाइन, मिरपूड आणि अंड्याचा पांढरा भाग घालून बोटांनी मिनिटभर कालवा. सुरुवातीला बुळबुळीत पाणी तळाशी दिसतं, कालवता कालवता मांस ते शोषून घेतं आणि काप चिकट होतात. तळाशी काही उरलंच तर ओतून टाका. पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

आवरण

मैदा वापरू नका. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे आवरण भज्यासारखं फुगतं, मग थोड्या वेळाने चामट होतं. निव्वळ स्टार्चमध्ये ग्लुटेन नसतं. तो मांसावरचा ओलावा धरतो, तेलात फुलतो आणि पाणी उडून गेलं की ठिसूळ, जाळीदार कवच मागे ठेवतो.

रुंद परातीत स्टार्च पसरा, काप सुटे करत एकेक टाका आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजू दाबून घोळवा. घोळवत असताना मुरवणाचे थोडे थेंब स्टार्चमध्ये मिसळून बारीक रवाळ गुठळ्या होतात. त्या चाळून टाकू नका, मांसावर दाबून बसवा. तळल्यावर त्याच खडबडीत जागा सर्वात कुरकुरीत होतात, आणि सॉससुद्धा तिथेच अडकतो.

घोळवलेले काप ताटात सुटे मांडून दहा मिनिटं ठेवा. या वेळात कोरडा स्टार्च ओलावा पिऊन मांसाला धरतो. दहा मिनिटांनी पाहिलंत तर काही ठिकाणी पांढरा रंग जाऊन राखाडी ओले डाग दिसतील. त्या जागी तेलात आवरण सुटून येतं. म्हणून तळायच्या अगदी आधी काप पुन्हा एकदा परातीतून फिरवा आणि चाळणीत हलवून जादा पूड झाडून टाका. न झाडता टाकलेली पूड तेलात तळाला बसते, करपते आणि पुढच्या घाण्याला कडू वास लावते.

दोनदा तळणं

भांडं जड बुडाचं घ्या. कार्बन स्टीलचा १४ इंची वोक (चिनी कढई) असेल तर उत्तम, नसेल तर बिडाची किंवा जाड लोखंडी कढई. नॉनस्टिक नको. कढई एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, मांस पडलं की फेस वर येतो. जवळ घट्ट बसणारं झाकण ठेवा. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घालायचं, पाणी चुकूनही ओतायचं नाही. अमेरिकन अपार्टमेंटांत धुराचे अलार्म फार हळवे असतात आणि स्वयंपाकघरातले बरेच पंखे हवा बाहेर न टाकता गाळून परत आतच सोडतात. तेल तापवायच्या आधीच खिडकी उघडा आणि झोपायच्या खोल्यांची दारं लावून घ्या.

पहिलं तळण १६५ अंश सेल्सिअसला (३३० फॅरनहाइट). स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घ्यावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, या पदार्थात अंदाजाला फार वाव नाही. तो नसेल तर लाकडी चॉपस्टिकचं टोक तेलात बुडवा. भोवती बारीक बुडबुडे शांतपणे सतत येत राहिले तर तेल तयार आहे.

४५० ग्रॅमचे तीन घाणे करा. काप एकदम ओतू नका, एकेक करून सोडा आणि पहिली तीस सेकंद झारा घालू नका. आवरण अजून मऊ असतं, हलवलंत की सुटतं. मग हलकेच सुटे करा. दोन ते अडीच मिनिटांत आवरण घट्ट होतं, रंग मात्र फिकटच राहतो. फिकट पाहून आणखी तळत बसू नका, रंग दुसऱ्या खेपेला येणार आहे. काढून जाळीवर किंवा स्टीलच्या चाळणीत ठेवा. कागदावर ठेवलं तर खालची वाफ कोंडते आणि ती बाजू मऊ पडते. प्रत्येक घाण्यानंतर तेलातला चुरा झाऱ्याने गोळा करा आणि तेल पुन्हा १६५ वर येऊ द्या. विजेच्या शेगडीवर तेल परत तापायला वेळ लागतो, तिथे तीनऐवजी चार घाणे करा.

सगळे काप निघाले की त्यांना किमान पाच मिनिटं निवांत राहू द्या. आतली ओल हळूहळू बाहेर सरकून आवरणात येते, आणि मघाशी कडक वाटलेलं आवरण जरा नरम लागतं. घाबरू नका, ती ओल काढून टाकायलाच दुसरं तळण आहे. पाहुणे येणार असतील तर इथपर्यंतचं काम दुपारीच करून काप गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात. तसं केलंत तर सॉसच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.

दुसऱ्या तळणाकडे लगेच वळू नका. आधी सॉस.

सॉस मांसाची वाट पाहतो

घरी फसगत होते ती बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे. मांस पूर्ण तळून ताटात काढायचं, मग सावकाश सॉस करायला घ्यायचा, आणि तो पातळ असतानाच मांस टाकून ‘आटू द्यायचं’. आटेपर्यंत आवरण पाणी पिऊन बसलेलं असतं. सॉस आधी तयार हवा, दाट हवा, आणि मांस तेलातून निघून थेट त्यात पडलं पाहिजे.

संत्र्याची साल सोलाण्याने काढा, फक्त नारिंगी थर. खालचा पांढरा भाग आला तर सुरीने खरवडून टाका, तो नुसता कडू असतो. सालीचे काडीसारखे बारीक काप करा. चेनपी मिळाली तर एक तुकडा कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, बारीक चिरून ताज्या सालीबरोबर घाला. ताजी साल वास देते, वाळलेली खोली देते. पूर्व आशियाई मालाच्या मोठ्या किराणा दुकानांत, उदाहरणार्थ ९९ रँचमध्ये, ती सुक्या मशरूमच्या आसपास सापडते. नुसत्या रसावर भागवू नका, उकळल्यावर रसाचा संत्र्याचा वास उडून जातो आणि आंबटगोडपणाच राहतो.

दुसऱ्या शेगडीवर रुंद पॅनमध्ये एक मोठा चमचा तेल मध्यम आचेवर तापवा. मिरच्या मोडून, बिया झाडून तेलात टाका. रंग गडद लाल होऊन खकाणा सुटायच्या आत, साधारण पंधरा सेकंदांत, साल आणि आलं घाला, मग लसूण. लसूण शेवटी, कारण ती सर्वात आधी करपते. वीस-तीस सेकंद परता. आता कालवलेला सॉस ओता आणि आच वाढवा.

इथून पुढे बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला ते बारीक आणि उथळ असतात, पाणी उकळताना असतात तसे. दोन-तीन मिनिटांत ते मोठे होतात, संथपणे फुटायला लागतात आणि कडेला चकचकीत फेस जमतो. अंदाजे अर्धा कप सॉस उरलेला असतो. आता कॉर्नस्टार्चची वाटी पुन्हा ढवळून त्यातलं निम्मं घाला, ढवळा, दहा सेकंद थांबा, गरज वाटली तरच उरलेलं घाला. उलथनं तळाशी ओढल्यावर मागे रेघ उमटून ती क्षणभर तशीच राहिली की सॉस झाला. चाखून पाहा. नुसता चाखताना तो जरा जास्तच तीव्र वाटला पाहिजे, कारण भाताबरोबर तो सौम्य होणार आहे. सपाट लागला तर मीठ घालू नका, छोटा चमचाभर व्हिनेगर घाला. आच अगदी मंद करून ठेवा.

शेवटची दोन मिनिटं

या आधी भात वाढायला तयार हवा, पात चिरलेली हवी, ताटं मांडलेली हवीत आणि खाणारी माणसं जवळ हवीत.

कढईतलं तेल १९० अंशांवर (३७५ फॅरनहाइट) न्या. पहिल्या तळणाचे काप आता दोन घाण्यांत तळा, प्रत्येकी ४५ ते ६० सेकंद. आवाज ऐका. काप पडताच जोरात चरचर होते, ती आतून आलेल्या ओलीची. ती ओसरून आवाज बारीक झाला, झाऱ्यावर काप एकमेकांवर आपटून खडखडले आणि रंग सोनेरी तपकिरी झाला की लगेच काढा. दुसरा घाणा निघेपर्यंत सॉसची आच पुन्हा मोठी करा.

दहा-पंधरा सेकंद तेल निथळू द्या आणि काप उकळत्या सॉसमध्ये टाका. पातीचे दोन इंची तुकडे घाला. उलथन्याने खालून वर, भराभर, वीस सेकंद. प्रत्येक कापावर पातळ चकाकी आली आणि पॅनच्या तळाशी सॉस साचलेला नसला म्हणजे प्रमाण जमलं. गॅस बंद करून भाजलेल्या तिळाचं तेल घाला, एकदा हलवा आणि वाढा. झाकण ठेवू नका.

रेस्टॉरंटमधल्या वोकच्या आचेचा धुरकट वास घरच्या शेगडीवर येत नाही, तिथल्या बर्नरची ताकद घरच्यापेक्षा कितीतरी पट असते. या पदार्थात त्याची फारशी उणीव भासत नाही. इथे मजा तळणाची आणि सालीच्या वासाची आहे, त्यामुळे बीफ-ब्रोकोलीपेक्षा हा पदार्थ घरच्या स्वयंपाकघराला जास्त अनुकूल आहे असं मला ठामपणे वाटतं.

भात जास्मिन तांदळाचा करा. तो जरा चिकट असतो, सॉस धरतो. बासमतीचा मोकळा दाणा इथे सॉस निसटू देतो. ब्रोकोली हवी असेल तर वाफवून, कोरडी करून ताटाच्या कडेला ठेवा. सॉसमध्ये टाकली की ती पाणी सोडते.

तेल कमी वापरायचं असेल तर

पसरट बिडाच्या तव्यात सेंटिमीटरभर तेलात हेच काप एकेरी थरात, मध्ये उलटून, दोनदा तळता येतात. वेळ जास्त जातो, घाणे पाच-सहा होतात, पण कुरकुरीतपणात फार उणं पडत नाही. एअर फ्रायरबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: तेल न मिळालेला स्टार्च पांढरा आणि पिठूळ राहतो. वापरायचाच असेल तर घोळवलेल्या कापांवर तेलाचा भरपूर फवारा मारा, एकही पांढरा डाग दिसता कामा नये, आणि २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ते चवदार होतं, पण टेकआउटसारखं म्हणता येणार नाही.

तळलेलं तेल गार झालं की कागदातून गाळून बाटलीत भरा, आणखी एक-दोनदा मांस तळायला चालतं. टाकायचं झालं तर सिंकमध्ये नको. जुन्या डब्यात भरून कचऱ्यात टाका, नाहीतर नळी तुंबून प्लंबरचा खर्च माथी येतो.

उरलं तर सॉस लावलेले काप मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, वाफेने मऊ लगदा होतो. ओव्हनमध्ये जाळीवर पसरून २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं ठेवा. पूर्वीइतके कडक होत नाहीत, पण कडा पुन्हा कुरकुरीत होतात. उरणार हे आधीच माहीत असेल तर निम्मे काप पहिल्या तळणावरच थांबवा, सॉस वेगळ्या वाटीत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त दुसरं तळण करा.